माणिकदाला उताणं करण्याबाबत

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. त्या संध्याकाळी जत्रेच्या मैदानात धैर्यशील खोत सातव्या मिनिटाला चीतपट झाला. पाठ मातीला लागली, हलगी थांबली, लोकांनी समोरच्या गड्याला खांद्यावर घेतलं. धैर्यशील उठला, अंग झटकलं आणि उसाचा रस प्यायला गेला. दोन ग्लास प्यायला, बर्फाशिवाय.

आता हे विसरा. असलं काही घडलेलंच नाही. अजून दुपारचा दीड वाजलाय, कुस्ती पाचला आहे. आपण हरणार की जिंकणार हे खुद्द धैर्यशीलला माहीत नाही, तर मध्येच बोलणारे आपण कोण?

जत्रेच्या गावात पाहुण्या पैलवानांना उतरायला शाळा देतात. धैर्यशील आणि त्याचे वस्ताद थोरबोले यांच्या वाट्याला तिसरीचा वर्ग आलाय. भिंतीवर ‘आपले शरीर’ नावाचा तक्ता आहे. त्यातल्या माणसाला कातडी नाही, पण चेहऱ्यावर समाधान आहे. वस्ताद सतरंजीवर आडवे झालेत आणि डोळे मिटूनच हुकूम सोडतायत.

"झोप गप. जेवल्यावर जो झोपत न्हाई त्यो पैलवान न्हवं, कारकून."

"झोपतोय की वस्ताद."

"झोपलेला मानूस बोलत न्हाई."

धैर्यशील डोळे मिटतो, पण झोप येत नाही. गेले तीन महिने ती धड आलेलीच नाही. डोळा लागला की छातीत कुणीतरी हलगी बडवायला लागतं, आणि वाजवणाऱ्याला थांबवायचं कसं ते कुणाला माहीत नसतं.

कारण पिशवीत आहे. पिशवीतल्या मोज्यात बोटाच्या पेराएवढी काचेची बाटली आहे. ऑपरेशन चालू असताना पेशंटचा रक्तदाब खाली घसरला तर भूल देणारे डॉक्टर हे औषध टोचतात. धैर्यशीलचं कुठलंही ऑपरेशन चालू नव्हतं. पण व्यायामशाळेमागच्या गल्लीत एक जण हे ‘ताकदीचं’ म्हणून देतो, आणि ताकद नको म्हणणारा पैलवान अजून जन्माला यायचाय. पहिल्या दिवशी त्यानं न थांबता हजार बैठका मारल्या आणि उरलेल्या ताकदीत तालमीची भिंत थोडी सरकवता येईल का ते पाहिलं. महिन्याभरात अशी गत झाली की सुई नसेल त्या दिवशी हात ओल्या गोधडीसारखे लोंबायचे. मग एकाच्या दोन झाल्या. एकदा भाकरी मऊ झाली म्हणून त्यानं आईच्या अंगावर ताट भिरकावलं. भाकरी मऊच चांगली असते, हे त्याला ताट जमिनीवर पडल्यावर आठवलं.

आज चार वाजता, वस्ताद देवदर्शनाला गेले की, तो नेहमीच्या दुप्पट घेणार आहे.

याच औषधानं माणिकदा मेला, हे त्याला ठाऊक नाही असं नाही. माणिक येडगे त्याच तालमीतला, त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. ब्याण्णव किलोचा गडी. उभ्या आयुष्यात त्याची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी तो तालमीच्या हौद्यात, कुस्तीच्या मातीत, मेलेला सापडला. पालथा. दंडावर टोचल्याचे डाग होते, वय सव्वीस होतं. गावाला रडता रडता तेवढंच एक समाधान: गेला, पण पाठ लावली नाही. तो सापडला धैर्यशीलला.

"त्यो लई घ्यायचा," असं धैर्यशील स्वतःला सांगतो. "आपण कमी घेतो." मरेपर्यंत सगळेच कमी घेत असतात.

पंखा कुरकुरतोय. तक्त्यातला माणूस बघतोय. वस्तादांच्या घोरण्याला एक लय आलीय, आणि त्या लयीतून कुणीतरी हजेरी घ्यायला लागतं.

"खोत धैर्यशील."

"हजर," धैर्यशील म्हणतो. सवयीनं उठून उभा राहतो, तर पाय घोट्यापर्यंत रुततात.

फरशी गेलीय. खाली खणलेली लाल माती आहे, ताकानं, तेलानं आणि हळदीनं मुरलेली, नाकात शिरली की पोटापर्यंत जाणारी. फळा अजून जागेवर आहे, पण त्याच्यावर सुविचाराच्या जागी ‘चप्पल बाहेर काढा’ लिहिलंय. ही त्यांची तालीम आहे. हौद्याच्या मधोमध एक आडदांड देह पालथा पडलाय आणि मातीत तोंड खुपसून बोलतोय.

"कोण हाय? पाय दाखव. मला पायच दिसत्यात."

धैर्यशील पाय पुढे करतो.

"धैऱ्या! लेका, नखं काप की."

"माणिकदा?"

"मग काय शाळेचा शिपाई हाय का?"

धैर्यशीलच्या अंगावर काटा येतो. भीतीचा नव्हे. देवळाचा दरवाजा अचानक उघडला आणि आत समोरच मूर्ती दिसली की येतो, तसला. "कसा हायस?" तो विचारतो. मेलेल्या माणसाला विचारायचा हा प्रश्न नव्हे, पण दुसरा येतो कुणाला?

"पालथा हाय."

"ऊठ की मग."

"उठता येत असतं तर मेलो कशाला असतो?" माणिकदा सुस्कारा सोडतो, नाकापुढची माती उडते. "आठ म्हयनं मातीच बघतोय. हितं एक मुंगी हाय. आलो तवा एकटी हुती. आता तिच्या नातीचं लगीन ठरलंय."

"आणि बाकीची? तिकडची मानसं?"

"वर बघ की. मान हाय न्हवं तुला?"

धैर्यशील वर बघतो. तालमीला छप्पर नाही. भिंती मागे मागे सरकल्यात, इतक्या की आता त्या भिंती नाहीत, डोंगर आहेत. डोंगरउतारावर, मैदानाभोवती बसतात तशी, माणसं आहेत. बसलेली नाहीत. सगळी उताणी पडलीयत. रांगेवर रांग, खांद्याला खांदा, फेटेवाले, नऊवारीवाल्या, तान्ही लेकरं, चष्मा लावून निजलेले मास्तर, डोळ्यांना पुरणार नाहीत इतकी माणसं, पार आभाळाच्या कडेपर्यंत. धैर्यशीलला आधी वाटतं, ही मेलेली माणसं. मग वाटतं, हे प्रेक्षक. दोन्ही बरोबर असतं.

सगळे वर बघतायत. आणि वर जे काही आहे ते एवढं मोठं असावं की मधूनच साऱ्या डोंगरावरून एकच हुंकार निघतो. वाऱ्यानं शाळूचं रान हलावं तसा तो एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो. धैर्यशीलच्या डोळ्यांत पाणी येतं. काय आहे ते पाहायला तोही मान वर करतो.

त्याला शाळेचा पंखा दिसतो.

"तुला न्हाई दिसायचं," जवळच पडलेला एक म्हातारा म्हणतो. "उताणं पडल्याबिगर हितं कायबी दिसत न्हाई. आमी सगळी चीत हाय. सुरवातीला लाज वाटती, मग वरती बघितलं की जाती." म्हातारा माणिकदाकडे हनुवटी करतो. "ह्यो एकटाच पालथा. ओ पैलवान, करा की त्याला सरळ. आठ म्हयनं झालं, कुढतंय पोरगं."

"मला पालथं कुणी केलं, धैऱ्या?" माणिकदा मातीतून विचारतो.

"कुणी न्हाई. तू असाच सापडलास."

"ते फौजदाराला सांगितलंस. आता मला सांग."

धैर्यशील तोंड उघडतो आणि त्याच्या तोंडावर कुणीतरी हिरवं फडकं बांधतं. पांढरा उजेड. टेबल. टेबलावर एक बाई निजलीय, पोटाशी डॉक्टर वाकलेत, आणि डोक्याशी उभी असलेली दुसरी डॉक्टरीण एका यंत्राकडे बघतेय. यंत्रावरचा आकडा जिना उतरावा तसा उतरतोय. डॉक्टरीण शांतपणे हात पुढे करते. तिच्या हातात तीच बाटली आहे, बोटाच्या पेराएवढी. ती मोजून, अगदी थोडंसं, नळीतून सोडते. आकडा थांबतो, विचार करतो आणि पायरी पायरी वर चढायला लागतो. बाईच्या ओठांवर रंग येतो. आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक नवं कोरं बाळ असं काही किंचाळतं की भिंतीवरचं घड्याळ दचकतं.

"बघितलंस?" माणिकदाचा आवाज टेबलाखालून येतो. तो तिथंही पालथाच आहे. "हे त्याचं काम. औषध बिचारं आपल्या कामावर हुतं. आपणच त्याला घरी बोलवून आणलं."

बाळ रडतच राहतं. रडणं लांब जातं, डोंगरावर जातं, त्या हुंकारात मिसळतं. धैर्यशीलच्या तोंडावरचं फडकं गळून पडतं आणि त्याच्यामागोमाग शब्द.

"तू उताणा हुतास."

"हं."

"साडेपाचला मी हौदा खणायला आलो. दार लोटलं. तू मधोमध, पाठ मातीला, दोन्ही खांदं टेकल्यालं. शेजारी कोण न्हाई. मला वाटलं, कुणी बघायच्या आत... म्हंजी तुझी पाठ कधी कुणी..."

"मग पालथा केलास."

"व्हय. आणि पाठ पुसली. पंच्यानं. मग आरडलो."

"मधी किती येळ गेला?"

"पाठ पुसायला लागतो तेवढा."

"माझी पाठ मोठी हाय."

"व्हय."

डोंगरावर कुणी हुंकार देत नाही. म्हातारासुद्धा वर बघायचा थांबलाय.

"श्वास चालू हुता का रे माझा?" माणिकदा विचारतो. अगदी साध्या आवाजात, घरात दूध आहे का विचारावं तसं.

"बघितलं न्हाई."

"का?"

"पाठ बघत हुतो."

हे बोलून झाल्यावर धैर्यशीलला वाटतं, आता माती दुभंगेल, आपण आत जाऊ. माती काही दुभंगत नाही. एक मुंगी त्याच्या पायावरून लगीनघाईनं निघून जाते.

"मीबी तेच केलं असतं," माणिकदा म्हणतो.

"खरं?"

"खरं. तेच तर वाईट हाय."

"पण माणिकदा, हुता का? श्वास?"

"मला कसं ठाऊक असणार? मी त्या वक्ताला लई खोल पडत हुतो. वरचं काय ऐकू येत न्हवतं." तो गाल मातीला घासतो. "आता ये माझ्या कडंला, आणि मला सरळ कर. मला बी बघायचंय."

धैर्यशील गुडघे टेकतो. एक हात काखेखाली घालतो, दुसरा कमरेखाली, आणि जोर लावतो. माणिकदा हलत नाही. जिवंतपणी ब्याण्णव किलो होता, आता विहिरीवरच्या दगडासारखा लागतोय. धैर्यशीलचे हात गोधडी होतात. तो पुन्हा जोर लावतो. दात ओठात रुततात. काही नाही. आणि मग त्याच्या उजव्या मुठीत, न मागता, भरलेली सुई येते.

ती गरम आहे. जिवंत असल्यासारखी तळहातावर धडधडतेय. एकदा टोचली की हा माणूसच काय, डोंगर पालथा घालता येईल, हे तिला सांगावं लागत नाही. त्याचं त्यालाच कळतं. तीन महिने रोज कळतंय.

"ती हातात घिऊन मला शिवू नगंस," माणिकदा म्हणतो. त्याला पायच दिसतात, पण दिसलंय. "आयुष्यात एकदाच पडलो, हिच्याकडनं. मी ब्याण्णव किलो, ही दोन मिली. वजनगटसुदा जुळत न्हवता." आणि तो हसायला लागतो. हसता हसता त्याच्या नाकातोंडात माती जाते, खोकतो आणि पुन्हा हसतो. डोंगरावरचा म्हाताराही हसतो. मग हसणं संपतं आणि माणिकदा मातीतच हळू म्हणतो, "लई लवकर पाडलं रे तिनं."

धैर्यशील मूठ उघडतो.

सुई मातीत उभी राहते. दोन पावलं पुढे येऊन रीतसर सलामी देते, दंड थोपटते. समोर कुणी येत नाही असं पाहून मैदानाच्या दुसऱ्या बाजूनं निघून जाते. जाताना घाईत नसते.

आता हातात काहीच नाही. धैर्यशील माणिकदाशेजारी आडवा होतो, गाल मातीला लावून, तोंडासमोर तोंड. इतक्या जवळून त्यानं माणिकदाला कधी पाहिलं नव्हतं. पापण्यांवर माती बसलीय. तो आपला हात त्या नाकापुढे धरतो. आठ महिने उशीर झालाय, पण धरतो. थांबतो. हाताला काही लागत नाही. मग कान पाठीला लावतो. आत ठोका नाही. आत खूप लांबवर, घागरीत तोंड घालून ऐकल्यासारखा, त्या साऱ्या डोंगराचा हुंकार आहे.

"न्हाई," धैर्यशील म्हणतो. "आता न्हाई चालू."

"बरं झालं. कुणीतरी बघितलं."

आणि माणिकदा हलका होतो. गाढ झोपलेलं पोर कुशीवरून वळवावं एवढाच. धैर्यशील खांद्याखाली हात देतो, वळवतो, आणि उभ्या आयुष्यात कुणाला न लावता आलेली ती पाठ सावकाश मातीला लागते. हलगी वाजत नाही. कुणी शिट्टी मारत नाही. डोंगरभर पडलेली माणसं थोडी थोडी सरकून एका माणसाची जागा करतात.

माणिकदा डोळे उघडतो.

त्याच्या तोंडावर काय येतं ते सांगायला धैर्यशीलकडे पुढे कधीही शब्द नव्हते. तो एवढंच सांगायचा की आधी सव्वीस वर्षांचा माणूस दिसला, मग सहा वर्षांचा दिसला, मग वय दिसलंच नाही.

"आयाय... केवढं हाय रे!"

"काय? काय हाय?"

"सांगून कळायचं न्हाई. तुलाबी दिसंल." माणिकदा नजर काढत नाही. "घाई करू नगंस."

"माणिकदा..."

"फीर. पाठमोरा हो."

धैर्यशील फिरतो. पाठीवर थाप पडते, असली की छातीतली हलगी ठोका चुकते, आणि तो वर्गाच्या दारात येऊन आदळतो.

म्हणजे सतरंजीवर उठून बसलेला असतो. साडेतीन वाजलेत. बाहेर मैदानावर खरी हलगी सुरू झालीय. वस्ताद जागे आहेत, मांडी घालून बसलेत आणि त्याच्या उघड्या पाठीकडे बघतायत.

"धैऱ्या, मैदानात जाऊन आलास व्हय?"

"न्हाई वस्ताद. हितंच हुतो."

"मग पाठीला काय लागलंय?"

त्याला दिसत नाही, म्हणून वस्तादच उठून मागे येतात. पाठीच्या मधोमध, माणसाचा स्वतःचा हात पोचणार नाही नेमक्या त्या जागी, पंजा उमटलाय. लाल, ओला, ताकाचा वास येणारा. वर्गाला फरशी आहे. शाळेबाहेर काळ्या मातीचं रान आहे. वस्ताद आपला तळहात त्या पंजावर ठेवून पाहतात. पंजा चारी बाजूंनी उरतो. तालमीत असला पंजा एकच होता, आणि त्याला सलामी द्यायला वस्तादांनीच शिकवलं होतं. वस्ताद हात काढून घेतात. तिसरीच्या बाकावर बसतात. बाक लहान आहे, त्यांचे गुडघे छातीशी येतात.

धैर्यशील पिशवी ओढतो. मोज्यातून बाटली काढून त्यांच्या हातात देतो आणि मग सगळं सांगतो. तीन महिने, दुप्पट, आईचं ताट, साडेपाचची सकाळ, पंच्यानं पुसलेली पाठ. वस्ताद बाटली उजेडापुढे धरून ऐकतात. मध्ये एकदाही रागावत नाहीत, हे धैर्यशीलला फार जड जातं.

"उद्या माझ्यासंगं डाक्तराकडं यायचं," शेवटी ते म्हणतात. "आज लढणार हायस का?"

"हात चालतील तेवढं लढतो."

"पडशील."

"पडतो की."

वस्ताद मान हलवतात. "आणि माणिकचं?"

"माणिकदाची कुस्ती वजनगट सोडून लागली हुती वस्ताद. तक्रार करायला पायजे."

"कुणाकडं?"

"कुस्तीची तक्रार कुणाकडं करत्यात?"

"कमिटीकडं," वस्ताद म्हणतात. "पण तोंडी चालत न्हाई. लिहून द्यावं लागतं."

कपाटावर कुणा विद्यार्थ्याची दुरेघी वही राहिलीय. धैर्यशील तिच्यातलं मधलं पान काढतो, बाकावर पोट टेकून बसतो आणि तिसरीतल्या मुलासारख्या अक्षरात लिहायला लागतो.

प्रति,
मा. अध्यक्ष,
यात्रा कुस्ती समिती यांसी,

अर्जदार धैर्यशील खोत, मुक्काम इयत्ता तिसरी, विनंती अर्ज करतो की, आमच्या तालमीचे कै. माणिक येडगे, वजन ब्याण्णव किलो, यांची शेवटची कुस्ती दोन मिलीबरोबर लावण्यात आली. सदर वेळी पंच हजर नव्हते. कैलासवासी चीत झाले होते. त्यांना पालथे अर्जदाराने केले व श्वास पाहण्याआधी पाठ पुसली. पोलिसांना दिलेला माझा जबाब खोटा असून हा खरा आहे. तो मी कोणतेही औषध न घेता लिहून देत आहे.

तरी वजनगट न जुळल्याच्या कारणावरून सदर निकाल रद्द करून कैलासवासींची फेरलढत लावण्यात यावी. जोड मिळत नसल्यास अर्जदार तयार आहे. अर्जदार पडल्यास तो निकाल त्यास आताच मान्य आहे. लढतीनंतर कैलासवासींना परत जाऊन वर पाहत पडायचे आहे, त्यामुळे त्यांना सत्कार, फेटा वगैरेसाठी थांबवून घेऊ नये. तरी मेहेरबानांनी कैलासवासींना आज सायंकाळी पाच ते सात एवढ्यापुरती सुटी मंजूर करावी, ही नम्र विनंती.